देव राखतो म्हणजे नेमकं काय? बोटीवरच्या माणसाच्या बायकोला उत्तर

ताई, जय ख्रिस्त. तुम्ही जे विचारलंत ते आधी माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे मला नीट समजलंय की नाही ते तुम्हालाही कळेल. तुम्ही मूळच्या सावंतवाडीकडच्या, लग्न होऊन वास्कोला आलात, मिस्टर क्रूझवर गॅलीत, म्हणजे बोटीच्या किचनमध्ये कामाला, पुढच्या महिन्यात त्यांचं परत साइन ऑन आहे, म्हणजे बोटीवर रुजू व्हायचंय. मागच्या पावसाळ्यात तुमचा धाकटा भाऊ बाइक घसरून गेला, आणि तुम्ही तर रोज सकाळी त्याचं नाव घेऊन बायबलमधलं देवाच्या राखणीचं 91 वं स्तोत्र म्हणत होतात. प्रेयर मीटिंगमधल्या एका बाईंनी सांगितलं की तुमचा विश्वासच कुठेतरी कमी पडला असणार. तेव्हापासून ते पान उघडवत नाही, रात्री झोप नाही, नवऱ्याचा टर्म इन्शुरन्स काढावा म्हटलं तर तो पण अविश्वास वाटतो, आणि सात वर्षांचा मुलगा विचारतो की पप्पाला देव राखणार ना.

मी इथं गोव्यात मराठी मंडळीचा पाळक आहे, आणि माझं निम्मं काम दवाखान्यात आजाऱ्यांकडे आणि मयताच्या घरी जाण्याचं. तेव्हा हा प्रश्न मला नवीन नाही, पण म्हणून हलका पण नाही. सविस्तर लिहितो, जमेल तसं वाचा.

सगळ्यात आधी भावाचं. ते जे वाक्य तुम्हाला सांगितलं गेलं ना, की विश्वास कमी पडला, ते बायबलचं नाही. मी हे मवाळपणे सांगत नाहीये, ठामपणे सांगतोय, कारण या एका वाक्याने मी कितीतरी घरांत माणसं आतून मोडलेली बघितलीत. लूकच्या 13 व्या अध्यायात बघा, शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती, म्हणजे अपघातच तो, आणि लोकांच्या डोक्यात तेच चाललेलं की यांचं काहीतरी चुकलं असेल. प्रभूने सरळ नाही म्हटलं. यरुशलेमात राहणाऱ्या बाकीच्यांपेक्षा ते जास्त अपराधी होते असं समजू नका म्हणाला. आणि प्रेषितांच्या कृत्यांचा 12 वा अध्याय घ्या, एकच हेरोद राजा, एकच मंडळी, तेच दिवस. योहानाचा भाऊ याकोब तलवारीने मारला गेला आणि त्याच अध्यायात पेत्राला देवदूताने तुरुंगातून बाहेर काढलं. आता याकोबासाठी कोणी प्रार्थना केलीच नसेल का? त्याच्या आईचा विश्वास पेत्राच्या सासूपेक्षा कमी होता का? हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने तसं एक अक्षर लिहिलेलं नाही. उलट पेत्र दारात येऊन उभा राहिला तेव्हा आत प्रार्थना करत बसलेल्या मंडळीला खरंच वाटेना, रोदा नावाची मुलगी सांगत होती तर तिलाच वेडी म्हणाले. म्हणजे ज्यांची प्रार्थना ऐकली गेली त्यांचा विश्वास असा होता, हे लक्षात घ्या. सुटका विश्वासाच्या वजनावर मोजून मिळत असती तर पेत्र आतच राहिला असता.

आणि तुमच्यासाठी मुद्दाम योहान 11. तिथं दोन बहिणी आहेत आणि मेलेला भाऊ आहे. लाजर आजारी आहे हा निरोप येशूला वेळेवर पोचला होता, तरी तो होता तिथंच आणखी दोन दिवस राहिला, आणि तो पोचला तोवर लाजराला थडग्यात चार दिवस झाले होते. मार्था समोर आली आणि म्हणाली, प्रभू, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. मग मरीया आली तीही तेच म्हणाली. दोघींनी त्या चार दिवसांत एकमेकींना हेच वाक्य किती वेळा म्हटलं असेल. तर येशू त्यांना रागावला नाही, तुमचा विश्वास कुठे गेला असं विचारलं नाही. मार्थाशी बोलला, आणि मरीयेला रडताना बघून स्वतः रडला. तुम्ही जे वाक्य मनात दाबून ठेवलंय ना, की तू होतास कुठे, ते त्याच्या तोंडावर बोला. बायबलमध्ये त्याला जागा आहे. 13 वं स्तोत्र सुरूच होतं ते, किती वेळ रे परमेश्वरा, या प्रश्नाने, आणि 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी कुठलाही दिलासा नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवलंय.

लाजर उठला हे खरं, पण तोही पुढे कधीतरी मेलाच असणार. पुढच्याच अध्यायात मुख्य याजक त्यालाही मारायचा बेत करतात. म्हणजे ज्याला प्रभूने स्वतः कबरेतून बाहेर बोलावलं त्यालाही या जगातल्या धोक्यांतून कायमची सूट मिळाली नाही. मार्थेला प्रभूने जे वचन दिलं ते, मीच पुनरुत्थान आणि जीवन आहे, हे होतं. ते लाजराच्या दुसऱ्या मरणाच्या वेळी पण तितकंच खरं होतं, आणि तुमच्या भावाच्या बाबतीत पण आहे.

आता थोडं आपल्या मातीबद्दल बोलतो, कारण मला वाटतं गुंता तिथं आहे. तुम्ही सिंधुदुर्गातल्या, मी पण त्याच बाजूचा, आपण दोघं आता गोव्यात. इकडे गावोगावी राखणदाराची श्रद्धा आहे. वर्षाला रोट, म्हणजे जाड भाकरी द्यायची, कुठे दारू, कुठे विडी ठेवायची, गाऱ्हाणं घालायचं, आणि मग तो शेताची, बांधाची, रात्री घरी येणाऱ्या माणसाची राखण करतो. ठरलेलं द्यायचं चुकलं की त्याचा कोप. मी हे हिणवत नाही, माझ्या आजोळचे लोक अजून करतात आणि अतिशय भल्या मनाने करतात, गावाशी जोडलेलं ते नातं आहे. पण त्यात एक हिशोब आहे, देणं आणि राखणं असा. आपण ख्रिस्ताकडे आलो, किंवा आपल्या आधीची पिढी आली, आणि खूपदा तो हिशोब तसाच बरोबर घेऊन आलो. रोटाच्या जागी उपास ठेवला, गाऱ्हाण्याच्या जागी 91 वं स्तोत्र. मग रोज म्हटलं तर राखण, आणि काही वाईट घडलं तर आपलंच काहीतरी द्यायचं चुकलं. त्या बाईंनी जे सांगितलं ते याच हिशोबातून आलंय, त्यांना वाईट म्हणू नका, त्यांना स्वतःलाही तीच भीती असणार. पण येशूने ज्याला बाप म्हटलं त्याच्याशी आपलं नातं असं नाही. बाप मुलाला राखतो ते मुलाने सकाळी ठरलेले शब्द बरोबर म्हटले म्हणून नाही राखत.

चिमण्यांचं वचन बघा, मत्तय 10. दोन चिमण्या एका दमडीला विकतात, आणि लूक लिहितो की दोन दमड्यांना पाच, म्हणजे पाचवी तर फुकट घातलेली. त्या फुकटच्या चिमणीचा पण देवाला विसर पडत नाही. आपण हे वचन लहानपणापासून ऐकतो आणि ऐकताना असं धरून चालतो की चिमणी पडतच नाही. पण प्रभू म्हणतो, तुमच्या पित्याच्या वाचून त्यातली एकही जमिनीवर पडत नाही. म्हणजे पडते. पडते तेव्हा तो तिथं असतो. आणि हे तो कुणाला सांगतोय तर त्याच अध्यायात ज्यांना सांगून ठेवलंय की तुम्हाला धरून नेतील, चाबकाने मारतील, त्यांना. तरी वर म्हणतो भिऊ नका, तुमच्या डोक्यावरचे केससुद्धा मोजलेले आहेत.

91 वं स्तोत्र सोडू नका. फक्त पूर्ण वाचा. आपण पंख, ढाल, हजारो पडले तरी तुझ्याजवळ येणार नाही, एवढं पाठ करतो. 15 व्या ओवीत देव म्हणतो की संकटाच्या वेळी मी त्याच्याजवळ असेन. संकट येणार हे त्या स्तोत्रातच धरलेलं आहे. आणि शुभवर्तमानांत हे स्तोत्र उघडपणे कोण म्हणून दाखवतं माहितीये? सैतान. मंदिराच्या शिखरावर येशूला उभं करून म्हणतो, टाक उडी, लिहिलंय ना देवदूत तुला हातांवर झेलतील. येशूने उत्तर दिलं की परमेश्वराची परीक्षा पाहू नको. स्तोत्र खोटं आहे असं तो म्हणाला नाही, पण त्या वचनाचा वापर देवाला कामाला लावायला करायचा नाही हे मात्र त्याने दाखवलं. आणि पुढे वधस्तंभावर त्याला कोणी झेललं नाही. म्हणून जेव्हा कोणी कार्डावर छापलेलं 91 वं स्तोत्र गाडीत लावा म्हणजे अपघात होणार नाही असं सांगतं, किंवा अभिषेकाच्या तेलाची बाटली विकतं, तेव्हा मला खूप वाईट वाटतं. कार्ड लावायला हरकत नाही, इथल्या ट्रॉलरवर पण सांत आंतोनचं (संत अँथनीचं) चित्र असतं, सायबिणीचं (मरीयामातेचं) असतं, रस्त्याकडेच्या खुरसाला (क्रुसाला) माळ घालून माणूस कामाला जातो, त्याने देवाची आठवण राहते. फक्त ते चित्र हमीपत्र नाही.

आता इन्शुरन्स आणि समुद्र. इथं मी जरा जास्त वेळ घेणार, कारण तुमच्या घरासाठी बायबलमध्ये जवळजवळ नेमून दिल्यासारखा एक अध्याय आहे, प्रेषितांची कृत्ये 27, आणि तो आपण देवळात फारच कमी वाचतो.

पौल कैदी म्हणून रोमला चाललाय, बरोबर युल्य नावाचा शताधिपती, म्हणजे रोमी सैन्याचा अधिकारी. सीझन उलटून गेलेला, उपासाचा दिवस होऊन गेला होता असं लूक लिहितो, म्हणजे शरद ऋतू, तिकडचा समुद्र खवळायचे दिवस. पौल सांगतो की आता पुढे जाऊ नका, नुकसान होईल. हा काही पहिल्यांदा जहाजात बसलेला माणूस नाही, करिंथकरांना त्याने आधीच लिहिलेलं आहे की तीनदा माझं जहाज फुटलं, एक दिवस आणि एक रात्र मी समुद्रात काढली. पण शताधिपतीने तांडेलाचं आणि मालकाचं ऐकलं. मग वादळ आलं. जहाजाला खालून दोर आवळून बांधले, दुसऱ्या दिवशी माल फेकला, तिसऱ्या दिवशी जहाजाचं सामान फेकलं, कित्येक दिवस ना सूर्य दिसला ना तारे, आणि वाचायची आशा गेली. आपल्याकडे ज्यांनी 2021 च्या मेमध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून जाताना बघितलंय त्यांना थोडीफार कल्पना येईल, ते तर जमिनीवरून बघितलं होतं.

त्या रात्री देवदूत पौलाला सांगतो, भिऊ नको, तुला कैसरापुढे, म्हणजे रोमच्या सम्राटापुढे उभं राहायचंय, आणि तुझ्याबरोबरच्या सगळ्यांचे प्राण देवाने तुला दिलेत. स्पष्ट वचन, कोणी मरणार नाही. आता आपल्यातला एखादा म्हणाला असता, झालं, आता बसून स्तुतीची गाणी म्हणू. पण पुढे काय होतं ते बघा. चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्यासारखं वाटतं, ते खोली मोजतात, वीस वाव, मग पंधरा वाव, खडकावर आपटू म्हणून मागून चार नांगर टाकतात. मग काही खलाशी पुढचे नांगर टाकायचं नाटक करून छोटी होडी खाली सोडतात, पळून जायला. पौल शताधिपतीला म्हणतो, हे लोक जहाजात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. हे वाक्य मी कितीतरी वेळा वाचलंय आणि दर वेळी थांबतो. ज्याला देवदूताने सांगितलंय की सगळे वाचणार, तोच म्हणतोय की जहाज चालवणारी माणसं गेली तर तुम्ही वाचणार नाही. त्याला यात काही विरोध वाटत नाही. देवाचं वचन आणि जहाजावर टिकून राहिलेले अनुभवी खलाशी, या दोन गोष्टी त्याच्यासाठी एकमेकींच्या आड येत नाहीत, वचन पुरं व्हायचं ते त्या हातांतूनच. सैनिकांनी होडीचे दोर कापले. मग पौल म्हणतो, चौदा दिवस तुम्ही नीट जेवला नाहीत, खा, जगायला लागेल. भाकर घेतली, सगळ्यांसमोर देवाचे आभार मानले, मोडली, खाल्ली. 276 माणसं होती. पोटभर जेवली आणि उरलेला गहू समुद्रात टाकून जहाज हलकं केलं. शेवटी जहाज फुटलंच. ज्यांना पोहता येत होतं त्यांनी आधी उड्या टाकल्या, बाकीचे कोणी फळीवर कोणी जहाजाच्या तुकड्यावर, आणि सगळे माल्टाच्या किनाऱ्याला लागले. जहाज गेलं, माल गेला, माणसं वाचली, जसं सांगितलं होतं तसंच.

तर टर्म इन्शुरन्स हा अविश्वास नाही. नहेम्याने यरुशलेमचा कोट बांधताना लिहून ठेवलंय की आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला, दोन्ही एकाच वाक्यात. योसेफाने मिसरात सात वर्षं धान्य साठवलं. आणि जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे, हे पौलाने तीमथ्याला लिहिलंय, म्हणजे उलट तरतूद न करण्यालाच तो अविश्वास म्हणतो. तेव्हा मिस्टर जायच्या आधी काढा. फॉर्ममध्ये काम बोटीवरचं आहे ते खरं लिहा, काही एजंट सांगतात की लिहू नका प्रीमियम वाढेल, तसं लपवलं तर पुढे क्लेम अडतो. नॉमिनीत तुमचं नाव नीट आहे का ते स्वतः बघा. भरतीचा एजंट डीजी शिपिंगकडे, म्हणजे जहाज वाहतुकीच्या सरकारी खात्याकडे नोंदलेला आहे का ते त्यांच्या वेबसाइटवर दिसतं, आरपीएसएल, म्हणजे भरतीच्या लायसनचा नंबर विचारा, आणि नोकरी लावायचे म्हणून पैसे मागितले तर तिथंच थांबा, खलाशाकडून भरतीची फी घ्यायची नसते असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. बोटीवर चढल्यावर जी ड्रिल असते ती मिस्टर कंटाळून न करता मन लावून करू देत. एसटीसीडब्ल्यूच्या, म्हणजे खलाशांच्या सुरक्षेच्या कोर्सला जे पाण्यात उतरवून शिकवलं होतं ते विसरू नये. ही सगळी तुमच्या प्रार्थनेच्या बाहेरची कामं नाहीत, चार नांगर टाकणाऱ्यांच्या बाजूची कामं आहेत.

रोजीरोटीचंही तसंच, त्यावर थोडंच लिहितो. 2012 ला खाणी बंद झाल्या आणि 2018 ला परत, तेव्हा डिचोली सत्तरी सांगे बाजूला ट्रक दारात उभे आणि बँकेचे हप्ते चालू, अशा घरांत मी आमची रोजची भाकर आज आम्हांला दे ही प्रार्थना ऐकलीये, आणि तीच माणसं दुसऱ्या दिवशी मिळेल ते काम शोधायला बाहेर पडलेली पण बघितलीयेत. वाळवंटात इस्राएल लोकांसाठी मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेला खाऊ, रोज पडायचा पण तो गोळा करायला सकाळी उठून जावं लागायचं, आणि उद्यासाठी साठवला की त्यात किडे व्हायचे. पंडिता रमाबाईंनी केडगावला दुष्काळातल्या शेकडो मुली आणल्या, प्रार्थना तर अखंड चालायची, आणि त्याच जागेवर विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला. त्यांनाही दुःख टळलं नाही, 1921 मध्ये एकुलती एक मनोरमा गेली आणि पुढच्या वर्षी त्या स्वतः गेल्या.

ताई, आपण प्रॉटेस्टंट मंडळीत संतांची नावं फार घेत नाही, पण गोव्यात राहून संत जुझे वाझ यांच्याबद्दल सांगितलं नाही तर चुकेल. बाणावलीला 1651 मध्ये जन्मलेला हा माणूस. 1687 मध्ये मजुराच्या वेशात सिलोनला गेला कारण तिथं डच लोकांनी कॅथलिक पाद्रींना बंदी केली होती. पोचला तोच आजारी पडून, पुढे कँडीत पोर्तुगीजांचा हेर समजून तुरुंगात टाकलं. मग 1697 मध्ये कँडीत देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळाले, आणि हा आपल्या भाच्याला घेऊन त्याच आजाऱ्यांची सेवा करत राहिला. 1711 मध्ये तिथंच देह ठेवला, गोव्याला परतला नाही. 2015 ला पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत जाहीर केलं. ओल्ड गोव्याला ज्यांचं शव ठेवलंय ते फ्रान्सिस झेवियर पण असेच, चीनला जायची तळमळ होती, आणि 1552 च्या डिसेंबरमध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर होडीची वाट बघत गेले. होडी आली नाही. या दोघांना देवाने राखलं की नाही? मला विचाराल तर राखलं, शेवटपर्यंत राखलं, पण आजार, तुरुंग, एकटेपण यातलं काही टाळून नाही. इब्री 11 मध्ये तर एकाच यादीत लिहिलंय की विश्वासाने काही जण तलवारीच्या धारेपासून वाचले, आणि दोन ओळी खाली, काही जण तलवारीने मारले गेले. दोघांचा विश्वास सारखाच गणलाय. दानीएलच्या 3 ऱ्या अध्यायातली तिघं जण पण राजाला हेच सांगतात की आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवू शकतो, आणि नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीला नमणार नाही. त्या 'नाही सोडवलं तरी'ला मी पूर्ण वाढलेला विश्वास म्हणतो. तो एका रात्रीत येत नाही, आणि तुम्हाला आत्ता येत नसेल तर स्वतःला दोष देऊ नका.

मग आता रात्रीचं काय करायचं. तुम्ही लिहिलंत की दोन अडीचला जाग येते आणि छातीत धडधडतं. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवाने त्याला प्रवचन नाही दिलं. देवदूताने उठवून भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत उठवून खायला दिलं आणि म्हणाला, वाट तुला फार लांबची आहे. म्हणून आधी शरीराचं बघा. भाऊ गेल्यापासून झोप नीट नसेल, धडधड रोजची असेल, तर डॉक्टरला दाखवा, बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल आहे, तिथं जाण्यात कसलाही कमीपणा नाही. जाणं लगेच जमत नसेल तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फोनवर बोलता येतं, मराठीतही. गोळी घेतली म्हणजे देवावरचा भरवसा उडाला असं कोणी म्हटलं तर मला फोन लावून द्या त्यांना.

आणि प्रार्थना छोटी करा. सध्या 91 वं स्तोत्र जड जात असेल तर काही दिवस बाजूला ठेवा, 121 वं घ्या, आठच ओव्या आहेत, वाटेवर असलेल्या माणसाचं स्तोत्र आहे ते. तुझा रक्षक झोपत नाही, असं त्यात आहे. रात्री जाग आली की मी लोकांना सांगतो, तो जागा आहे तर दोघांनी जागायची गरज नाही, एवढं त्याला बोलून कूस बदला. झोप आली तर आली. नाही आली तर काय वाटतंय ते जसंच्या तसं सांगा, सुंदर शब्द शोधू नका. सकाळी आजच्या दिवसापुरतं मागा. मिस्टर आठ नऊ महिन्यांसाठी जातायत म्हणून एकदम आठ नऊ महिन्यांची राखण आजच मागायला जाल तर ते ओझं तुम्हाला उचलणार नाही, उद्याची चिंता उद्यावर टाका हे प्रभूने त्यासाठीच सांगितलंय. आणि एकट्या राहू नका. बोटीवरच्यांच्या दोन चार बायका मिळून आठवड्यातून एकदा बसा, वास्कोत तर दर दुसऱ्या गल्लीत तारवट्याचं, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्याचं घर आहे, कॅथलिक असो की आपल्यातली. 2020 ला क्रूझवरची पोरं महिनोन्‌महिने समुद्रातच अडकली होती तेव्हा याच बायकांनी एकमेकींना धरून ठेवलं, कोणाच्या दारात लादाईन (कॅथलिकांची एकत्र प्रार्थना), कोणाकडे आपली मराठी प्रार्थना, आणि शेजारची हिंदू वहिनी पण येऊन बसायची. देव राखतो ते बहुतेक वेळा असंच, कोणाच्या तरी येण्यातून. ज्या मीटिंगमध्ये तुम्हाला ते वाक्य ऐकावं लागलं तिथं जायचं की नाही ते तुम्ही ठरवा, काही महिने नाही गेलात तर देव हजेरी घेत नाही.

राहिला मुलगा. त्याला पप्पाला काहीच होणार नाही असं वचन देऊ नका. ते तुमच्या हातात नाही, आणि मामाच्या वेळी त्याने एकदा बघितलंय, मुलं विसरत नाहीत. उद्या काही कमीजास्त झालं तर त्याच्यासाठी देव खोटा ठरेल, आणि ते भरून काढायला फार वर्षं लागतात. त्याला सांगा की देव पप्पाच्या बरोबर बोटीवर आहे आणि आपल्याबरोबर घरात पण आहे, आणि आपण कुठेही असलो, काहीही झालं, तरी तो आपल्याला सोडत नाही. मामा पण त्याच्याजवळ आहे. विचारलं की मग मामाला का पडू दिलं, तर मला माहीत नाही असं सांगा, मी पण त्याला हेच विचारते असं सांगा. आईला पण देवाला विचारता येतं हे कळलं की मुलाला बरं वाटतं, गप्प केलं की तो भीती आत घेऊन झोपतो. पौलाची बोटीची गोष्ट त्याला वाचून दाखवा, सात वर्षांच्या मुलाला ती प्रचंड आवडते, वादळ, नांगर, दोर कापणं, फळीवरून पोहणं, सगळं आहे त्यात. त्याला रोज रात्री पप्पासाठी एक ओळ स्वतःच्या शब्दात बोलू दे, तुम्ही दुरुस्त करू नका. आणि मिस्टर साइन ऑन झाले की पहिल्या व्हिडिओ कॉलला त्यालाच विचारू दे, पप्पा तुझं लाइफ जॅकेट कुठे आहे ते दाखव, आणि भोंगा वाजला की तू कुठल्या स्टेशनला जाऊन उभा राहतोस.